खिडकीतली डॉक्टरीण घेऊन गेवराईला

नेकनूरहून गेवराईला जायचं म्हणजे काय? एसटीत बसायचं, बीडला उतरायचं, दुसरी गाडी धरायची. ह्यात लिहिण्यासारखं काय, असं आमच्या गावातले विचारतील. मी बी बाजाराला, दवाखान्याला, सोयऱ्यांच्या लग्नाला ह्याच वाटेनं कितीदा गेलतो, पण सांगावं असं काही दिसलं नव्हतं. ह्या वेळी नाटकवाल्यांबरोबर गेलो. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा शब्द इकडचा तिकडं पडला असेल. घडलं ते मात्र असंच घडलं.

नाटक माझ्या नातीचं. ज्योती, माझ्या लेकीची पोरगी. बीडला खोली घेऊन राहती आणि खोलीतच बसून कुठल्यातरी कंपनीचं काम करती. तिच्याबरोबर तिची मैत्रीण फरहीन आणि संतोष नावाचा एक गडी, त्याचा पिकअप हाय आणि दिव्याबत्त्यांचं तोच बघतो. दिवाळी झाली आणि ही तिघं आमच्या गावात दारात येऊन उभी राहिली.

"आबा, चला आमच्यासोबत. नेकनूरला प्रयोग आहे, मग गेवराईला," ज्योती म्हणली.

"मी काय करू तिथं?"

"सामानाजवळ बसा."

"सामान काय पळून जातंय?"

"मग घरी बसून काय करता ते सांगा."

माझी बायको कौसल्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून सकाळी दार उघडायचं आणि सांजच्याला लावायचं, मधल्या वेळात त्याच दाराकडं बघत बसायचं, एवढंच माझं काम. पिशवीत धोतर, टॉवेल आणि तंबाखूची चंची टाकली आणि पिकअपमध्ये चढलो.

नेकनूर

मला वाटलं होतं नाटक म्हणजे पडदे, तलवारी, राजा-राणी. पिकअपमध्ये बघतो तर एक टेबल, एक खुर्ची, एक कॉम्प्युटर आणि एक जुनी सागवानी खिडकी. गज काढलेले, खाली दोन पाय ठोकलेले.

"ही कोणाच्या घराची उपटून आणली?" मी विचारलं.

"हा फोन आहे, आबा," फरहीन म्हणली. "मी ह्याच्या मागं बसते. मी फोनवरची डॉक्टरीण."

"गोळ्या देती का?"

"नाही. ऐकते."

"नुसती ऐकती? मग डॉक्टरीण कशाची?"

"तुम्ही एकदा बोलून तर बघा."

"मला काय धाड भरलीय?"

संतोष खदाखदा हसला. मी म्हणलं, हसू नको बे, पुढं बघून गाडी चालव.

प्रयोग मंगल कार्यालयात होता. लग्नसराई अजून लागायची होती, म्हणून हॉल मोकळा मिळाला. बायका लई आल्या. पुरुष माणसं मागं भिंतीला टेकून उभी, आवडलं नाही तर सटकायला बरं पडतं.

नाटक असं. एक पोरगी हाय, ते काम ज्योती करती. तिची आई मरती. दिवस-कार्य उरकायच्या आधीच पोरगी कॉम्प्युटर उघडून कामाला बसती, कारण कंपनीला सुतक नसतं. कुठून कुठून लोक तिला तक्रारी लिहितात. एकाला मागवलेला बूट लहान आलाय, एकीचा मिक्सर फिरत नाही. पोरगी सगळ्यांना एकच लिहिती, "तुमची अडचण मी समजू शकते." मधूनच उठती, केस सारखे करती, हसून स्वतःचा फोटो काढती आणि फोनवर टाकती. मग किती जणांना आवडला ते बघत बसती. हळूहळू तिचं जेवण तुटतं, झोप उडती. मग ती त्या खिडकीतल्या डॉक्टरणीशी बोलायला लागती.

पहिल्यांदा फोटो काढला तेव्हा पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणली, "अगं, आय मेलीय अन् फोटो काय काढती!"

शेजारची म्हणली, "आमची सून बी असंच करती. भांडून उठती अन् फोटोत हसती."

"मग तू कावून बघती तिचे फोटो?"

"हसताना तेवढीच दिसती म्हणून."

सगळा हॉल हसला. ज्योती बी हसू दाबत होती, मला बाजूनं दिसत होतं.

अर्ध्यात लाइट गेली. मला वाटलं आता खेळ खलास. पण संतोषनं पिकअप सरळ दारापर्यंत आणला आणि त्याच्या दिव्यांचा झोत आत सोडला. पोरींच्या सावल्या मागच्या भिंतीवर दुप्पट मोठ्या पडल्या. एक कुत्रं उजेडात येऊन बसलं, त्यानं बी शेवटपर्यंत बघितलं. भिंतीला टेकलेले पुरुष हळूहळू पुढं येऊन खाली बसले.

शेवटी पोरगी आईसाठी पहिल्यांदा रडती. लई रडती. रडून झाल्यावर खिडकीतली डॉक्टरीण तिला म्हणती, "पुन्हा भेटू. पुढच्या मंगळवारी, ह्याच वेळेला." तिथं नाटक संपतं.

टाळ्या वाजायला पाहिजे होत्या. कुजबूज सुरू झाली. ती पुढची म्हातारी उठून उभी राहिली. "शुभ बोल गं बाई! मयताच्या घरी 'पुन्हा भेटू' म्हणत्यात व्हय?"

शहरातल्या वाचणाऱ्यांना हे सांगावं लागेल. आमच्याकडं मयताच्या घरी बसायला गेलेला माणूस उठताना "येतो" म्हणत नाही. घरचे बी "या" म्हणत नाहीत. गुमान उठायचं, चपला घालायच्या, मागं न बघता चालायचं. "येतो" म्हणलं तर मरणालाच परत बोलावल्यासारखं होतं. आमच्या बापजाद्यांपासून हे चालत आलंय आणि मी बी कधी मोडलं नाही. म्हणून खरं सांगतो, नेकनूरला मी मनातून म्हातारीच्याच बाजूला होतो.

मांजरसुंबा

सकाळी निघालो. रस्त्याच्या कडेला बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ, डोळे पिवळे पडलेले, बोटानं दाबलं की उमलतं. संतोषनं गाडी थांबवली, आम्ही खात खात चाललो आणि बिया बाहेर थुंकत राहिलो. फरहीननं एक बी थुंकली ती वाऱ्यानं परत संतोषच्या कानावर आली. त्यावरून दोघांचं मांजरसुंब्यापर्यंत भांडण चाललं. मला बरं वाटत होतं. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर हळू आवाजात बोलत नव्हतं.

मांजरसुंब्याला चौकातल्या ढाब्यावर बसलो. बाहेर ऊसतोडीला निघालेल्यांचे ट्रॅक्टर उभे होते. संसार वर रचलेला, त्यावर कोंबड्या, कोंबड्यांच्या वर माणसं. ट्रॅक्टरवरची एक बाई खाली कोणाला तरी ओरडून सांगत होती, "म्हातारीला गोळ्या येळेवर दी! मी रोज फोन करती!" ट्रॅक्टर हलला तरी ती ओरडतच होती.

आमच्यापुढं शेवभाजी आली, तवंग बोटभर. बाजरीची भाकरी, कांदा, वर ठेचा. पहिला घास तोंडात घालतो तोच ज्योतीचा फोन वाजायला लागला. वाजायचा थांबेचना. नेकनूरच्या कोणीतरी शेवटच्या भागाचं शूटिंग करून फोनवर सोडलं होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं. ज्योती वाचत गेली आणि तिचं तोंड उतरत गेलं.

"काय लिवलंय?" मी विचारलं.

फरहीननं फोन हिसकून घेतला. "काही नाही आबा. रिकामे लोक."

"वाच. मला बी कान हायत."

तिनं वाचलं. कोणी लिहिलं होतं, चार बुकं शिकून रीत विसरली. कोणी लिहिलं होतं, हिच्या घरी मयत होईल तेव्हा आम्ही म्हणू पुन्हा भेटू. आणि लिहिलं कोणाला, तर उन्हाळ्यातच जिची आजी गेली त्या पोरीला. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

तेवढ्यात गेवराईच्या अण्णांचा फोन आला. गेवराईचा प्रयोग ह्या अण्णांनीच ठेवला होता. मोठे बागायतदार, राजकारणातले. त्यांच्या आईचं पहिलं वर्षश्राद्ध होतं. अशा दिवशी आमच्याकडं कीर्तन ठेवतात. पण त्यांची लेक ज्योतीची कॉलेजातली मैत्रीण, तिनं हट्ट धरून नाटक ठेवायला लावलं होतं. अण्णा म्हणले, "पोरी, नाटक कर. पण ते शेवटचं वाक्य काढ. आमच्या आईचा दिवस हाय. न्हाई काढायचं तर येऊ नको, मी कीर्तनकार सांगतो."

ज्योती "बघते अण्णा" म्हणली आणि फोन पालथा ठेवला.

संतोष म्हणला, "काढून टाकू. एका वाक्यानं काय होतंय? प्रयोग जाईल."

मी बी म्हणलं, "काढ. काय अडलंय त्याच्यावाचून? पोरगी रडली, मन हलकं झालं, झालं नाटक."

ज्योतीनं ताट बाजूला सारलं. सगळी शेवभाजी संतोषनंच संपवली.

बीड

घाट उतरून बीडला आलो तेव्हा दुपार होती. ज्योतीला कामावर बसायचं होतं. तिचं ऑफिस म्हणजे खाटेच्या कडेला एक टेबल. कानाला हेडफोन का काय ते लावलं आणि ती टकाटका लिहायला लागली. फरहीन शेजारच्या खोलीत तिच्या कामावर. एका घरात दोन माणसं, आणि दुपारभर एकमेकींशी एक शब्द नाही. आमच्याकडं खुरपायला बसलेल्या बायका पार शेजारच्या रानात ऐकू जातात.

मी मागं बसून बघत होतो. दर थोड्या वेळानं ती तेच लिहायची, नाटकातलंच. तुमची अडचण मी समजू शकते.

"खरंच समजती का त्यांची अडचण?"

"नाही आबा. ते लिहावंच लागतं. कंपनीनं वाक्यं दिलेली आहेत."

"कौसल्याच्या वेळी आलेले लोक बी असंच म्हणत होते. त्यांना कुठल्या कंपनीनं दिलती?"

ती हसली, आणि मग एकाएकी तिनं कानावरचं ते काढून ठेवलं. खुर्ची माझ्याकडं वळवली.

"आबा, तुम्ही म्हणलात काढ. एक सांगते, आईला सांगू नका. मागच्या वर्षी मला फार वाईट दिवस होते. झोप नाही, जेवण नाही. दिवसभर लोकांच्या शिव्या वाचायच्या आणि गोड लिहायचं. मला वाटायचं, मी नसले तर कोणाला कळणार पण नाही, कंपनी दुसरी मुलगी बसवेल. तेव्हा मी फोनवरून एका डॉक्टरणीशी बोलायला लागले. ती काय काय बोलली ते आता आठवत नाही. पण फोन ठेवताना दर वेळी म्हणायची, पुन्हा भेटू, पुढच्या मंगळवारी. त्या एका वाक्यासाठी मी पुढचा मंगळवार बघितला. मग त्याच्या पुढचा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच राहिला. समोर कॉम्प्युटरवर कोणाचा तरी मिक्सर फिरत नव्हता, तो माणूस ताटकळत बसला होता.

"ते वाक्य काढलं तर ते नाटक माझं नाही," ती म्हणली. "मग मला गेवराईला जायचंच नाही. तिथंच नाही, कुठंच करायचं नाही."

तिचं काम परत सुरू झालं. मी बाहेर गॅलरीत जाऊन तंबाखू मळत उभा राहिलो. मला माझं घर दिसत होतं. कौसल्या गेली तेव्हा चपलांनी अंगण भरलं होतं. सोयरे, भावकी, बाजारातले ओळखीचे, कोण आलं नाही असं नाही. बसले, पाणी प्यायले, गुमान उठले. मागं न बघता गेले. रीत सगळ्यांनी पाळली. एवढी पक्की पाळली की परत कोणी आलंच नाही.

फरहीन पाणी द्यायला आली. तिला विचारलं, तुमच्यात मयताच्या घरी कसं असतं?

"आमच्यात चाळिसाव्यापर्यंत माणसं येत-जात राहतात, आबा. मग तेही थांबतात. सगळीकडं कुठंतरी थांबतंच की."

मी आत जाऊन ज्योतीला म्हणलं, "गेवराईला जायचं. अण्णाशी मी बोलतो."

गेवराई

दुसऱ्या दिवशी गेवराईची वाट धरली. डोंगर मागं राहिला की मुलूख एकदम सपाट होतो. काळी जमीन, दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. नदीकडून वाळूचे टिप्पर असे येत होते की संतोष दर वेळी देवाचं नाव घ्यायचा. एका टिप्परला बाजू देताना आमचं चाक साइडपट्टीच्या खाली उतरलं आणि मागं ठेवलेली आमची खिडकी धाडकन आडवी झाली. उतरून बघितलं तर तिचा एक पाय मोडला होता. संतोषनं रस्त्याच्या कडेची बाभळीची काठी तासून ठोकली. डॉक्टरीण जरा तिरकी झाली, पण उभी राहिली.

अण्णांच्या घरी मोठा मांडव होता. आईचा फोटो, हार, फ्लेक्स. ओसरीत छतापर्यंत कापूस रचलेला. आम्हाला आधी जेवायला बसवलं. येसर आमटी, भात, बुंदी. आमच्याकडच्यापेक्षा आमटी जहाल, पण चव अशी की दोनदा वाढून घेतली. माझ्या शेजारी अण्णांचे वडील होते, त्यांना सगळे दादा म्हणतात. येणारा प्रत्येक माणूस अण्णांना नमस्कार करायचा आणि दादांच्या पुढून निघून जायचा.

दादांनी मला विचारलं, "तुमची कधी गेली?" कोणी सांगितलं होतं की चेहऱ्यावरून ओळखलं, ठाऊक नाही.

"उन्हाळ्यात."

"झोप येती का?"

"कशाची झोप."

"मला बी न्हाई," दादा म्हणले आणि आमटी भुरकली. "लोक म्हणत्यात, नातवंडांत मन रमवा. नातवंडं फोनात रमल्यात. मी कुठं रमू?"

हात धुतला आणि मी अण्णांना गाठलं. पोरी मागं उभ्या होत्या.

"अण्णा, ते वाक्य राहणार."

"आबा, तुमी वडीलधारे हाय, बसा. ह्यात पडू नका."

"मी बसायलाच आलोय. एक सांगा, तुमच्या आईच्या मयताला किती माणूस आलतं?"

"आख्खा तालुका लोटलता."

"दुसऱ्यांदा किती आले?"

"रोज येत्यात की. काल बी—"

"तुमच्याकडं कामाला येत्यात. तुमच्या बापापशी बसायला कोण आलं?"

अण्णांचं तोंड लाल झालं. मला वाटलं आता हाकलतात. मी म्हणलं, "माझ्याकडं बी कोणी आलं न्हाई. मला राग न्हाई कोणाचा. रीतच अशी हाय की परत येतो म्हणता येत न्हाई. मग माणूस येतच न्हाई. ही पोरगी नाटकात तेवढं म्हणती. म्हणू द्या."

"बाया उठून गेल्या तर? आईच्या दिवशी माझी शोभा व्हायची."

"गेल्या तर नाटक तिथंच बंद करा अन् मला चार माणसांत शिव्या द्या."

अण्णांनी ज्योतीकडं बघितलं. ती खाली बघत नव्हती. "तुमच्या जिम्मेदारीवर," अण्णा म्हणले आणि निघून गेले.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. मांडव गच्च भरला होता. अण्णा कडेला उभे, हाताची घडी, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. दादा पहिल्या रांगेत. फोटोच्या वेळी लोक हसले, मिक्सरला हसले. माझं तिकडं ध्यान नव्हतं, मी शेवटाची वाट बघत होतो. ज्योती रडली. नेकनूरपेक्षा जास्त रडली, आणि ते नाटकातलं नव्हतं हे मांडवात मला एकट्यालाच ठाऊक होतं. पुढच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले.

तिरक्या खिडकीतून फरहीन म्हणली, "पुन्हा भेटू. पुढच्या मंगळवारी, ह्याच वेळेला."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अण्णांनी घडी सोडली आणि एक पाऊल पुढं टाकलं.

तेवढ्यात दादा खुर्चीवरून ओरडले, "मंगळवारी नको! मंगळवारी घरात कोणी नसतं, मलाच गुरं बघावी लागत्यात. बुधवारी ये!"

फरहीनला हे कुठं लिहून दिलेलं नव्हतं. तिनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "बरं दादा. बुधवारी. सकाळी की दुपारी?"

"दुपारी. जेवायलाच ये."

आधी एक बाई हसली, मग सगळा मांडव हसला. हसता हसता मागून कोणीतरी म्हणलं, "दादा, आमी बी येतो बुधवारी." दादा वळून म्हणले, "ये की. तुला काय आवतण पाहिजे व्हय?" अण्णा होते तिथंच थांबले होते. मग ते चालत जाऊन बापाच्या शेजारच्या खुर्चीत बसले. दादांनी त्यांच्याकडं बघितलं बी नाही, ते फरहीनला घराची खूण सांगत होते. अण्णा गमज्यानं तोंड पुसत राहिले.

ज्योती टेबलाला धरून उभी होती, रडत आणि हसत. टाळ्या कधी सुरू झाल्या ते मला समजलं नाही.

गावात

पोरींनी मला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. दार उघडलं, झाडून काढलं, चहा केला. दाराकडं बघत बसायची वेळ झाली होती, पण बूड टेकेना. आमच्या वरच्या गल्लीत भगवान हाय, माझ्याच वयाचा. त्याची बायको पोळ्याच्या आधी गेली. तेव्हा मी बी जाऊन बसून आलो होतो, तेवढंच.

उठलो आणि त्याच्याकडं गेलो. भगवान ओट्यावर चप्पल घालत होता. दाढी ही एवढी वाढलेली.

"कावून आलास बे?" तो म्हणला. "काय काम?"

"काम न्हाई."

चौकशीला आलाय, उसनं मागायला आलाय की कोणाचा निरोप घेऊन आलाय, हे तो ताडत होता.

"मी न्हाव्याकडं चाललो व्हतो," तो म्हणला. "पोरगं म्हणतंय भुतासारखा दिसतो."

मी माझ्या गालावरून हात फिरवला. खुंट टोचले.

"चल मग," मी म्हणलं. "मी बी करून घेतो."